दारिद्र्याची रेषा आणि अभ्यासकाची मूल्ये

सामाजिक शास्त्रांत नित्य वापरले जाणारे पुष्कळसे शब्द दुहेरी काम करतात. ‘दारिद्र्य’, ‘शोषण’, ‘कुपोषण’, ‘मागासलेपणा’, ‘विकास’ हे शब्द जगात काय आहे ते सांगतात आणि त्याच दमात ते बरे की वाईट हेही सांगून जातात. पारा सुमारे ३५७ अंश सेल्सियसला उकळतो असे लिहिणारा रसायनशास्त्रज्ञ पाऱ्याची स्तुती करत नाही की निंदा करत नाही. पण एखाद्या तालुक्यातली निम्मी कुटुंबे दरिद्री आहेत असे अर्थशास्त्रज्ञ लिहितो, तेव्हा ही स्थिती असू नये आणि ती पालटण्याची जबाबदारी कोणावर तरी येते, हा निवाडा त्या विधानात आधीच मुरलेला असतो. इष्ट काय, न्याय्य काय, कशाला किती महत्त्व द्यावे, याविषयीच्या व्यक्तीच्या किंवा समाजाच्या धारणांना येथे ‘मूल्ये’ म्हटले आहे. आणि अशा धारणांनी भिजलेल्या शब्दांतून जे ज्ञान मांडले जाते त्याला शास्त्र म्हणता येईल काय, हा प्रश्न समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र आणि इतिहास या विद्यांना त्यांच्या जन्मापासून चिकटलेला आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका तार्किक फटीकडे लक्ष वेधले होते. लेखक ‘अमुक आहे’ अशी विधाने करत करत नकळत ‘अमुक असावे’ या विधानांवर येऊन पोहोचतात, मधला पूल मात्र कोणी बांधून दाखवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. या निरीक्षणातून पुढे दोन टोके निघाली. शास्त्राने केवळ ‘आहे’पुरते बोलावे आणि ‘असावे’ हे राजकारण्यांवर, धर्मोपदेशकांवर व मतदारांवर सोपवावे, असे एक टोक म्हणते. समाजाविषयीचे प्रत्येक विधान कोणाच्या ना कोणाच्या हितसंबंधाचे असल्याने तेथे सत्यासत्याची भाषाच फोल आहे, असे दुसरे. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, कारण दोन्हींमुळे मूल्ये नेमकी कुठे आणि कशी शिरतात हे पाहण्याचे कष्ट वाचतात.

हे कष्ट ज्याने घेतले त्या मॅक्स वेबरच्या (१८६४-१९२०) नावावर नेमके पहिले टोक खपवले जाते, हा ज्ञानाच्या इतिहासातला एक चमत्कारिक अन्याय म्हणावा लागेल. वेबर ज्या जर्मनीत वाढला तेथे अर्थशास्त्राचे बहुतेक वजनदार प्राध्यापक १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक धोरणविषयक संघटनेचे सभासद होते आणि गुस्टाव्ह श्मोलर हे त्यांचे अग्रणी होते. कामगारांची स्थिती सुधारावी, शासनाने त्यात हात घालावा, ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु कोणते धोरण न्याय्य हे अर्थशास्त्रच सिद्ध करून देते, असा आव तिला जोडला गेला होता. १९०९ च्या व्हिएन्ना येथील अधिवेशनात राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेची ‘उत्पादकता’ या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या विषयावर चर्चा चालू असता वेबर आणि व्हेर्नर झोम्बार्ट यांनी या आवावर हल्ला चढवला, कारण उत्पादक कशाला म्हणायचे हे ठरवतानाच कोणाचे भले मोजायचे हे ठरून जाते आणि तो निर्णय शास्त्राच्या झग्याखाली लपून राहतो. वाद इतका चिघळला की १९१४ च्या जानेवारीत संघटनेच्या समितीची या एकाच प्रश्नावर बंद दाराआड बैठक झाली आणि तिच्यासाठी आलेली लेखी मते केवळ सभासदांपुरती छापण्यात आली. वेबरने आपले मत सुधारून १९१७ मध्ये ‘मूल्यनिरपेक्षते’च्या अर्थावरील निबंध म्हणून प्रसिद्ध केले.

वेबरचा मुद्दा समजून घ्यायचा तर त्याने केलेला एक भेद लक्षात घ्यावा लागतो. जगातल्या घटना अगणित आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या अभ्यासायच्या हे घटना स्वतः सांगत नाहीत. अभ्यासकाला आणि त्याच्या काळाला जे महत्त्वाचे वाटते त्यानुसार ती निवड होते. हाइन्रिख रिकर्ट या तत्त्वज्ञाकडून घेतलेल्या संकल्पनेनुसार वेबर याला ‘मूल्यसंबंध’ म्हणतो, आणि मूल्यसंबंधावाचून सामाजिक संशोधन सुरूच होऊ शकत नाही हे तो १९०४ पासून सांगत आला होता. त्याहून वेगळा असतो तो ‘मूल्यनिर्णय’, म्हणजे अभ्यासलेली गोष्ट चांगली की वाईट हा निवाडा. आणि हा निवाडा संशोधनाचा निष्कर्ष म्हणून पुढे करू नये, एवढीच वेबरची मागणी होती. प्रश्न कोणता विचारावा हे मूल्ये ठरवोत, उत्तर काय येते ते त्यांनी ठरवू नये, असे तिचे सार सांगता येईल. वेबर स्वतः कडवा राष्ट्रवादी होता, वृत्तपत्रांतून सडेतोड राजकीय लेख लिहीत होता, आणि समाजवादी पक्षाचा सभासद असल्यामुळे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिखेल्स याला जर्मन विद्यापीठांचे दरवाजे बंद राहिले तेव्हा १९०८ मध्ये त्याने जाहीरपणे निषेध नोंदवला होता. मूल्यनिरपेक्षतेचा त्याचा आग्रह उदासीन माणसाचा नव्हता. वर्गात बसलेला विद्यार्थी प्राध्यापकाला उलट उत्तर देऊ शकत नाही, पुढच्या वाटचालीसाठी त्याला त्या वर्गात बसावेच लागते, आणि अशा ठिकाणी शास्त्राच्या नावाने आपले राजकारण विकणे हा बेजबाबदारपणा आहे, असे तो १९१७ च्या म्यूनिकमधील व्याख्यानात सुचवतो. शिक्षकाचे पहिले काम, त्याच्या मते, विद्यार्थ्याला त्याच्याच पक्षाला अडचणीची ठरणारी तथ्ये मान्य करायला शिकवणे हे आहे.

वेबरची ही विभागणी कागदावर स्वच्छ दिसते. प्रश्न निवडताना मूल्ये असतात, मग मोजमाप, मग निष्कर्ष, आणि त्यानंतर पुन्हा धोरण ठरवताना मूल्ये. मधला मोजमापाचा टप्पा मात्र खरोखर कोरा असतो काय? याचा निकाल अमूर्त चर्चेने लागणार नाही. एखादे मोजमाप हाती घेऊन उसवूनच पाहावे लागते. भारतातील दारिद्र्याचे मोजमाप यासाठी विशेष सोयीचे आहे, कारण त्याला दीडशे वर्षांचा लेखी इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग मुंबई व पुणे या दोन शहरांत घडला आहे.

१८७६ मध्ये दादाभाई नौरोजी यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे भारतातील दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारी अहवालांतील पिकांच्या व दरांच्या आकड्यांवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि त्याची तुलना करण्यासाठी दोन मापे घेतली: परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांना प्रवासात द्यावयाचा शिधा आणि तुरुंगातील कैद्यावर होणारा खर्च. प्रांतोप्रांतीचा हिशेब असे दाखवत होता की कायद्याने वागणाऱ्या रयतेच्या वाट्याला जे उत्पन्न येते त्याहून अधिक खर्च सरकार गुन्हेगारावर करते. यातला प्रत्येक आकडा सरकारचाच होता, आणि तरीही मापाची निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. किमान जगण्याचे माप म्हणून नौरोजींना एखाद्या कारकुनाच्या घरचा खर्च घेता आला असता. त्यांनी मुद्दाम सर्वांत कठोर माप घेतले, कारण राज्यकर्त्याला ते नाकारता येणार नव्हते. पुढे सीबोम राउनट्री याने इंग्लंडमधील यॉर्क शहरात १८९९ मध्ये पाहणी करून पाच माणसांच्या कुटुंबासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स अशी रेषा आखली, तेव्हा हेच धोरण ठेवले. त्या रकमेत ट्रामचे भाडे नव्हते, अर्ध्या पेनीचे वृत्तपत्र नव्हते, खाटकाकडचे मांसही नव्हते. गरीब माणूस उधळपट्टीमुळे गरीब असतो असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद करण्यासाठी ही कठोरता होती, आणि यॉर्कची २७.८४ टक्के लोकसंख्या कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या दारिद्र्यात आहे हा निष्कर्ष त्यामुळे अधिकच बोचला. रेषा खाली आखण्यामागेही गरिबांची कणव असू शकते, हे या दोघांवरून ध्यानात घेण्यासारखे आहे. रेषा जितकी खाली तितका आखणारा निर्दय, हे समीकरण इतके सरळ नाही.

स्वतंत्र भारतात १९६२ मध्ये नियोजन मंडळाच्या पुढाकाराने नेमलेल्या अभ्यासगटाने, ज्यात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा माणशी २० रुपये हे राष्ट्रीय किमान मानले. त्या २० रुपयांत शिक्षण आणि आरोग्य यांवरील खर्च धरलेला नव्हता, कारण तो शासन करील असे गृहीत होते. या एका गृहीतात त्या काळाची शासनाकडून असलेली सारी अपेक्षा सामावली आहे, आणि पुढे ती अपेक्षा पुरी न होता रेषा मात्र तशीच राहिली, तेव्हा मुलाची फी आणि दवाखान्याचे बिल भरणारे कुटुंब कागदावर जितके सुस्थितीत दिसू लागले तितके ते प्रत्यक्षात नव्हते.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. त्यांनी रेषेला अन्नाचा आधार दिला: दररोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील असा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर लोक प्रत्यक्षात घेतात ती पातळी म्हणजे दारिद्र्यरेषा, आणि ती १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिना १५ रुपये व शहरी भागात २२ रुपये ५० पैसे येते. या मापाने ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचा सुमारे ५० टक्के भाग रेषेखाली होता. उष्मांकाचा आधार घेतल्याने रेषेला शरीरशास्त्राचे पाठबळ मिळाले आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही असे वाटू लागले. येथेच सावध राहायला हवे. माणसाने जगावे यासाठी अन्न लागते हे शरीरशास्त्र सांगते. पण दारिद्र्य म्हणजे प्रामुख्याने अन्नाचा तुटवडा, कपडा, भाडे, प्रवास, लग्नकार्य, मानमरातब या गोष्टी त्यात गौण, हे शरीरशास्त्र सांगत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते की त्याच्या काळच्या युरोपच्या बहुतेक भागांत तागाचा सदरा अंगात नसेल तर मजुरालाही चारचौघांत यायला लाज वाटते, म्हणून तो सदरा जीवनावश्यक वस्तूंतच मोजला पाहिजे. लाज ही उष्मांकांत मोजता येत नाही, आणि ती मोजायची नाही असे ठरवणे हाही एक निर्णयच असतो.

या उष्मांकांवरूनच पुण्यात एक वाद झडला, आणि मूल्ये मोजमापाच्या आत कशी बसलेली असतात याचे त्याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे रोममध्ये दीर्घकाळ संचालक राहून ते निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले होते. त्यांचा आक्षेप असा होता की २,२५० किंवा तत्सम आकडा ही सरासरी गरज आहे, आणि सरासरी म्हटली की निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांची गरज तिच्याखाली असणारच. शिवाय एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक व आठवड्यागणिक कमीजास्त होत असतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला अर्धपोटी ठरवणे म्हणजे धडधाकट माणसांना उपाशी म्हणून मोजणे होय. सुखात्म्यांनी सुचवलेली रेषा सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांइतकी खाली होती. ‘प्रमाण विचलन’ म्हणजे माणसामाणसांतील फरकाचा पसारा दाखवणारे माप. सरासरीखाली अशी दोन मापे उतरले की निरोगी माणसांपैकी शेकडा दोन-अडीचच त्याच्याही खाली सापडतात. रेषा अशी सरकवली की उपाशी लोकांचे प्रमाण निम्म्याहून खाली येत होते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी या मांडणीला कसून उत्तर दिले, आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही कमी आहाराशी ‘जुळवून घेतलेले’ शरीर खुरटलेले आणि कामाला कमी पडणारे असू शकते, ते निरोगी मानण्याची घाई करू नये, असे बजावले.

या वादाचा काही भाग निव्वळ तथ्यांचा होता आणि तथ्यांनीच सुटणारा होता: शरीर खरोखर किती जुळवून घेते, त्याची किंमत काय पडते, हे प्रयोगशाळेत तपासता येते. उरलेला भाग मात्र वेगळ्या जातीचा होता. रेषा वर ठेवली तर काही धडधाकट माणसे चुकून उपाशी म्हणून मोजली जातात. खाली ठेवली तर काही उपाशी माणसे चुकून धडधाकट म्हणून सुटतात. माणसामाणसांत फरक आहे तोवर दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा अस्तित्वात नाही. मग कोणती चूक अधिक परवडते? पहिल्या चुकीत सरकारचे धान्य वाया जाते आणि दारिद्र्याचा आकडा फुगून लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो, दुसरीत एक भुकेले मूल यादीतून गळते. या दोन्हींचे वजन करण्यासाठी संख्याशास्त्राजवळ तराजू आहे, वजने मात्र बाहेरून आणावी लागतात. रिचर्ड रुडनर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९५३ मध्ये हाच मुद्दा सर्व शास्त्रांविषयी सामान्य रूपात मांडला होता. कोणताही सिद्धान्त पुराव्याने पुरेपूर सिद्ध होत नाही, म्हणून ‘एवढा पुरावा पुरे’ असे शास्त्रज्ञाला कुठेतरी म्हणावे लागते, आणि किती पुरावा पुरे हे चुकल्यास काय बिघडेल यावर ठरते: औषधात विषारी द्रव्य नाही याची खात्री पट्ट्याच्या बकलात दोष नाही याच्या खात्रीपेक्षा अधिक कडक असावी लागते. शास्त्रज्ञाने फक्त संभाव्यता सांगावी आणि स्वीकार-नकाराचा निर्णय इतरांवर सोडावा, असे यावर तत्त्वज्ञ रिचर्ड जेफ्री याने उत्तर दिले. पण यादी करायची असते तेव्हा कुटुंब एक तर यादीत असते किंवा नसते. तेथे ६० टक्के दरिद्री असे कोणी राहत नाही.

पुढच्या समित्यांचा इतिहास याच प्रकाशात वाचता येतो. १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडून दिला, शिक्षण व आरोग्यावरील खाजगी खर्च हिशेबात घेतला, शहरी दारिद्र्याचे प्रचलित २५.७ टक्के प्रमाण मान्य करून त्यामागची जीवनपातळी ग्रामीण भागालाही लावली. आणि २००४-०५ या एकाच वर्षाच्या एकाच पाहणीतून ग्रामीण दारिद्र्य २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर, तर देशाचे एकूण प्रमाण २७.५ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. गावातला माणूस शहरातल्या माणसाइतक्याच जीवनपातळीस पात्र असावा, हे समानतेचे मूल्य त्या १३-१४ टक्क्यांच्या उडीत आहे. तरीही याच पद्धतीच्या आधारे २०११ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि गावासाठी २६ रुपये हे आकडे मांडले गेले, तेव्हा देशभर संतापाची लाट उठली, कारण महिन्याच्या खर्चाचे रोजच्या खर्चात रूपांतर होताच प्रत्येकाला रेषेच्या जागी आपला एक दिवस दिसू लागला. सी. रंगराजन यांच्या समितीने २०१४ मध्ये निकष पुन्हा बदलले आणि २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के येणारे प्रमाण २९.५ टक्के झाले. यावरून आकडे मनमानी आहेत असा निष्कर्ष काढणे चूक होईल. निकष एकदा ठरला की २९.५ हा आकडा कोणाच्याही इच्छेने ३५ होत नाही. वेबरला अभिप्रेत असलेली शिस्त या ठिकाणी लागू पडते. मात्र निकषांची निवड ही मोजमापाआधीची किरकोळ तयारी होती असे मानून चालणार नाही, कारण तीच सर्वांत मोठा परिणाम घडवत होती.

इतिहासलेखनात हाच प्रश्न संख्यांऐवजी नामांतून डोके वर काढतो. १८५७ च्या घटनेला ब्रिटिश अधिकारी शिपायांचे बंड म्हणत, वि. दा. सावरकरांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने तिला स्वातंत्र्यसमर म्हटले. आणि झाशीच्या वेढ्यातून जिवानिशी सुटून आलेल्या विष्णुभट गोडसे यांचे आत्मकथन मराठी वाचकांत बंडाची हकीकत म्हणूनच ओळखले गेले. ‘उठाव’ हा शब्द त्यातल्या त्यात तटस्थ म्हणून आज पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, पण तोही उठणाऱ्यांना हेतू आहे एवढे मान्य करतोच. हिलरी पटनम या तत्त्वज्ञाने २००२ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की ‘क्रूर’सारख्या शब्दातून मूल्य खरवडून शुद्ध वर्णन वेगळे काढता येत नाही: कोणत्या कृत्यांना क्रूर म्हणायचे हे समजण्यासाठीच क्रौर्याला वाईट मानणारा दृष्टिकोन आत्मसात असावा लागतो. छळछावणीचा इतिहास ‘क्रूर’ हा शब्द टाळून लिहिला तर तो अधिक शास्त्रीय होत नाही, अपुरा होतो.

येथवरच्या विवेचनावरून सामाजिक शास्त्रांत सारेच मूल्यांचे राज्य आहे असा समज होऊ नये, म्हणून एक उलट दिशेचे उदाहरण पाहावे लागते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मानवशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. फिशर हे वंशशुद्धीच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि १९३३ मध्ये नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. युरोपीय माणसाच्या कवटीतील उजव्या-डाव्या बाजूंचा असमतोल त्याच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, या अटकळीच्या सावलीत कर्व्यांना विषय मिळाला होता. प्रश्न मूल्यांनी, आणि तीही हीन मूल्यांनी, पुरता ग्रासलेला होता. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि वंश व असमतोल यांचा संबंध आढळत नाही असे लिहिले. मार्गदर्शकाला हवे ते उत्तर आकड्यांतून निघत नव्हते, आणि ते निघाल्याचे भासवले गेले नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे मूल्य उत्तरात उतरू नये या वेबरच्या मागणीचा अर्थ येथे जितका स्पष्ट होतो तितका त्याच्या स्वतःच्या निबंधांतही होत नाही. त्याच वेळी हेही नोंदवायला हवे की कर्वे यांनी भारतात परतल्यावर कवट्या व शरीरे मोजण्याची पद्धत सोडली नाही. ती त्यांनी महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासाला लावली आणि एकाच नावाच्या जातिसमूहांत शारीरिक एकसारखेपणा असेलच असे नाही, याकडे लक्ष वेधले.

भारतातील जातीच्या अभ्यासात या मोजमापांचा प्रवास आणखी गुंतागुंतीचा आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण, म्हणजे नासिका निर्देशांक, हे जातीच्या सामाजिक दर्जाशी जुळते असे प्रतिपादन केले आणि जनगणनेत जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला. लोक मूक राहिले नाहीत. वरची पायरी मिळावी म्हणून जातिसंस्थांचे अर्जांवर अर्ज आले. माणूस हा असा अभ्यासविषय आहे की त्याला आपले वर्गीकरण वाचता येते आणि वाचून तो बदलतो, ही अडचण पाऱ्याच्या अभ्यासकाला कधी येत नाही. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्लींची आकडेवारी पुन्हा तपासून जात आणि वंश यांचा सरधोपट मेळ देशभर बसत नाही हे दाखवले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना तीच नासिकामापे वापरून अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशांचे असल्याच्या सिद्धान्ताला छेद दिला. उतरंड सिद्ध करण्यासाठी जमवलेली मापे उतरंडीविरुद्ध साक्ष देऊ शकली, ती मापे असल्यामुळेच. आंबेडकरांचे मूल्य रिस्लींच्या मूल्यापेक्षा वेगळे होते हे खरे. पण त्यांच्या युक्तिवादाचे बळ त्या मूल्यातून येत नव्हते, ते प्रतिपक्षाच्याच आकड्यांतून येत होते.

गुन्नार मिरडाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने या साऱ्या पेचावर एक व्यवहार्य तोडगा सुचवला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीवरील १९४४ च्या प्रचंड अभ्यासात आणि आशियातील दारिद्र्यावरील १९६८ च्या ग्रंथातही त्याने आग्रह धरला की संशोधकाने आपली मूल्यगृहीतके आरंभीच उघड मांडावीत, म्हणजे ज्याला ती मान्य नाहीत त्याला दुसरी घेऊन निष्कर्ष कसे बदलतात ते तपासता येईल. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे, पण तो पुरेसा नाही, कारण संशोधकाला स्वतःची सारी गृहीतके ठाऊक असतात असे त्यात गृहीत धरलेले आहे. आदिमानवाचा विकास शिकारी पुरुषाभोवती गुंफणारी मांडणी १९६० च्या दशकात जोरात होती. ती मांडणाऱ्यांना आपण स्त्रियांना वगळले असे वाटतही नव्हते, आणि कंदमुळे-फळे गोळा करणाऱ्या स्त्रियांचा अन्नातील वाटा स्त्री-मानवशास्त्रज्ञांनी पुढे आणला तेव्हा कुठे ते वगळणे दिसू लागले. तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो यांनी १९९० मध्ये यावरून असे प्रतिपादन केले की वस्तुनिष्ठता हा एकेका संशोधकाच्या मनाचा गुण नसून टीका ऐकून घेणाऱ्या अभ्यासकसमूहाचा गुण आहे, आणि भिन्न जीवनानुभवांची माणसे त्या समूहात नसतील तर कोणाच्याही वैयक्तिक निष्पक्षतेने ती उणीव भरून निघत नाही. वगळण्याचे असेच उदाहरण आकडेवारीतही सापडते: अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला सादर केलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणींचे काम बाहेर ठेवले, आणि त्या उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढू नये असेही बजावले. पहिली गोष्ट जगभर रूढ झाली, दुसरी सोयीस्करपणे विसरली गेली.

रेषा आखणाऱ्या समितीच्या खोलीतून ही चर्चा अखेर रेशनच्या दुकानापर्यंत येते. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या: पिवळी, केशरी आणि पांढरी. ‘पिवळे कार्ड आहे का?’ या प्रश्नातून दारिद्र्याची सारी संकल्पना गावात बोलली जाऊ लागली. २००२ मध्ये ग्रामीण कुटुंबांची दारिद्र्यरेषेसाठी गणना झाली, तेव्हा उत्पन्न विचारण्याऐवजी १३ मुद्दे ठरवण्यात आले. जमीन किती, घर कसले, अंगावर घालायला कपड्यांचे जोड किती, दोन वेळचे जेवण मिळते का, शौचाला कुठे जातात, घरात सर्वांत शिकलेला कोण, अशा प्रत्येक मुद्द्याला शून्य ते चार गुण होते आणि एकूण गुण ५२. जेवणाचे चार गुण आणि शौचालयाचे चार गुण एकाच वजनाचे धरून बेरीज झाली. शिवाय किती गुणांखालचे कुटुंब दरिद्री मानायचे हे गुणांवरून ठरले नाही. यादीतील कुटुंबांची संख्या नियोजन मंडळाच्या आधीच्या अंदाजाच्या मर्यादेत बसावी, अशा बेताने राज्यांनी ती रेषा शोधायची होती.